पाण्यातून न काढलेलं घर

शालन चौगुलेनं पुढच्या खोलीची फरशी गरम पाण्यानं धुतली, आणि वाळल्यावर खोली वीतभर आटलेली निघाली.

दुसरं कुणी असतं तर डोळे चोळत बसलं असतं. पण शालनचा जन्म इचलकरंजीच्या बायकांची पोलकी शिवण्यात गेलेला. वीतभर म्हणजे किती, हे तिला टेप न लावता कळायचं. तरी तिनं गळ्यातला टेप काढला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरला आणि मान हलवली. कापड असो की खोली, कोऱ्याला गरम पाणी लागलं की ते आटणारच. म्हणून तर शिवणारी बाई कापड आधी पाण्यातून काढते, सावलीत वाळवते आणि मगच त्याला कात्री लावते. घर बांधताना मात्र ते आधी पाण्यातून काढावं, हे ना गवंड्याला सुचलं होतं ना तिला.

"अहो, खोली आटली," तिनं नवऱ्याला सांगितलं.

सुकुमार चौगुले, म्हणजे सगळ्या गल्लीचे अण्णा, जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करत आले होते. कापड हा त्यांचाही प्रांत. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"लांबीत का पन्ह्यात?"

"दोन्हीकडनं."

"मग पाणी लई गरम हुतं," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. चौगुल्यांच्या घरात त्या दिवसापासून खोलीच्या रुंदीलाही तोच शब्द चालू झाला.

ह्या धुण्याला कारण होता एक बोका. पिवळा, रुंद जबड्याचा, एक कान फाटलेला. तसा तो कुणाचाच नव्हता, पण दूध अण्णांच्या हातचं प्यायचा. रोज गल्लीतल्या सगळ्या कुंपणांवरून फिरून कोण कुठवर आहे ते तपासायचा, म्हणून अण्णांनी त्याचं नाव तलाठी ठेवलं होतं. तलाठी घरात आला की एखाद्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा, शेपूट ताठ करायचा, शेपटीचं टोक थरथरायचं आणि भिंतीवर बारीक फवारा उडायचा. पुढं तो वास. मांजराच्या मुताचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं सुखात राहावं.

ह्या वासाची नवराबायकोला इतकी सवय झाली होती की तो त्यांना यायचाच नाही. तो आला विहीणबाईंना. सुलोचनाबाई मगदूम सांगलीहून आल्या होत्या, सुनेला, म्हणजे शालनच्या लेकीला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी कधी पाठवायचं ते ठरवायला. खुर्चीवर टेकल्या न टेकल्या तोच त्यांनी नाकाला पदर लावला, आणि जाईपर्यंत काढला नाही. चहासुद्धा पदराआडून घेतला.

"आमच्या त्रिशलाला डॉक्टरांनी सांगितलंय, मांजराचा वारासुद्धा नको," त्या म्हणाल्या. "वास गेला की कळवा. तवर पोरगी आमच्याकडंच बरी."

'आमच्या त्रिशलाला' हे शालनला सुईसारखं टोचलं. विहीणबाईंची चूक होती असं नाही. पण शालनची स्वतःची आई तिच्या लग्नाआधीच गेली होती. त्रिशला झाली ती सासरी, मधल्या खोलीत, उशीचं टोक दातांत धरून. 'आई गं' म्हणून ओरडायचं आणि ओ द्यायला कुणी नाही, ह्यासारखं दुःख नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि अजूनही वाटत होतं. लेकीला पहिल्यांदा छातीशी धरलं तेव्हाच तिनं ठरवलं होतं, हिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरात, माझ्या हातचं. डिंक, अळीव, शेकायची शेगडी, ओव्याची धुरी, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, सगळं तिच्या मनात केव्हाचं तयार होतं. आता ते एका बोक्यापायी अडलं होतं.

सातवा महिना तर त्या नाकाच्या पदरातच हुकला. आठव्यात गरोदर लेकीला हलवत नाहीत. राहिला नववा. तोही गेला तर त्रिशला सांगलीतच बाळंत होणार, हे उघड होतं.

म्हणून गरम पाणी, म्हणून आटलेली खोली. पण वीतभर जागा गेली तरी वास गेला होता, आणि शालनला तो सौदा महाग वाटला नाही. त्रिशलाची खाट, बाजूला पाळणा, पायथ्याशी आपली वळकटी, एवढं बसत होतं. ती समाधानानं भाकरी थापायला बसली.

संध्याकाळी तलाठी खिडकीतून आत आला. आटलेल्या खोलीला नवे कोपरे आले होते. त्यानं एकेक कोपरा नीट हुंगला, कुठंच आपली खूण नाही हे बघून तो क्षणभर खजील झाल्यासारखा उभा राहिला, आणि मग चारही कोपऱ्यांवर त्यानं सही केली.

शालननं पुन्हा धुतलं. ह्या वेळी थंड पाण्यानं, कारण ठेच लागली की माणूस खाली बघून चालतो. थंड पाण्यानं खोली कमी आटली, पण आटलीच. मग तिनं खायचा सोडा टाकून बघितला, व्हिनेगर शिंपडून बघितलं, लिंबाच्या फोडी घासल्या, रिठ्याचं पाणी केलं. त्रिशलानं मोबाइलवर वाचून एक एन्झाइमचं औषध सांगितलं, तेही मागवलं. वास जायचा, ह्यात काही खोट नाही. पण तो एकटा जायचा नाही. जाताना चार बोटं, तीन बोटं जागा घेऊन जायचा. पुन्हा नवे कोपरे, पुन्हा तलाठी, पुन्हा बादली.

तलाठ्यामागं बादली सगळ्या खोल्यांतून फिरली. घर आटलं तरी सामान आटत नव्हतं. आधी कपाट अंगणात गेलं. मग शिलाई मशीन गेलं, त्यावर प्लास्टिकचा कागद आला. मग अण्णांची खुर्ची. अण्णा उंच, चौकट खाली आली तसे ते आधी मान वाकवून, नंतर कंबर वाकवून आत यायला लागले, आणि एके दिवशी बाहेरच बसले. त्यांनी तक्रार केली नाही. जेवण खिडकीतून मागून घ्यायचे.

भिंतीपलीकडच्या पाटणेबाई मात्र खुशीत होत्या. त्या वाटीभर चिवडा घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "शालनवहिनी, आमचा हॉल लई ऐसपैस झालाय बघा. ह्यांनी सोफा फिरवून टाकला. तरीबी जागा उरतीया."

"बरं झालं की," शालन म्हणाली. दुसऱ्याच्या घरात जागा आली ह्याला वाईट कसं म्हणायचं? तिनं वाटी रिकामी करून, साखर घालून परत दिली.

एका दुपारी ती गुडघ्यावर बसून फरशीच्या फटी दातांच्या जुन्या ब्रशनं घासत होती, तेव्हा अण्णा खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "अगं, तो घाण करत न्हाई."

"मग काय रांगोळी काढतोय?"

"हद्द आखतोय. तू भिंत पुढं सरकवतीस, तो बिचारा पुन्हा आखतोय. हितवर आपलं, म्हणून."

"आपलं म्हणून त्यानं कशाला सांगायला पायजे?"

"मग कुणी सांगायचं?"

शालननं ब्रश बादलीत टाकला. "तुम्हाला बोका पायजे का लेक, ते एकदा ठरवा," ती म्हणाली.

हे बोलणं अण्णांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तलाठ्याला बशीभर दूध पाजलं, पोत्यात घातलं, पोतं स्कूटरवर पायांमधे ठेवलं आणि पंचगंगेच्या पलीकडं एका सुताच्या गोदामाशी सोडून आले. परत आल्यावर ते बराच वेळ अंगणातल्या कपाटाला टेकून उभे होते. शालनला त्यांची कीव आली, पण तिनं ती दाखवली नाही. तिनं शेवटचा कोपरा धुतला, आणखी दोन बोटं जागा गेली, आणि तिनं हिशेब मिटला असं मानून फडकं वाळत घातलं.

पुढच्या वेळी विहीणबाई आल्या तेव्हा दारात वाकून, पदर नाकापासून दूर धरून त्यांनी खोल श्वास घेतला. चारही कोपऱ्यांत जाऊन घेतला. चार कोपऱ्यांसाठी त्यांना फार चालावं लागलं नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "वास न्हाई. घर जरा बेतात दिसतंय, पण बेतातलं बरं, झाडायला सोपं." सरळ होताना त्यांचं डोकं तुळईला लागलं. "परवा घेऊन येते पोरीला. नववा लागलाय."

शालनला इतका आनंद झाला की तिनं साखरेचा डबाच पुढं आणला. विहीणबाईंच्या हातावर तिनं मूठभर साखर ठेवली. त्रिशला येणार. खाट बसते, पाळणा बसतो, वळकटी बसत नाही, पण ती उभ्यानं झोपली असती.

विहीणबाई गेल्या आणि शालनला आवाज ऐकू आला. शिवणीचा दोरा ओढला की कापड चुण्या घेत आवळतं, तेव्हा कानाजवळ धरलं तर जेवढा येतो तेवढाच. तिनं फरशीकडं बघितलं. फरशी कोरडी होती. पाण्याचा थेंब नव्हता. तरी भिंत सरकत होती, आपली आपण, घाई न करता.

तिनं टेप लावला. ती टेपाकडं बघत बसली आणि तिच्या बघता बघता आकडा बदलला.

"अहो," तिनं खिडकीतून हाक मारली, "त्याला आणा. जावा, त्याला आणा परत."

अण्णांनी पोतं घेतलं. स्कूटर काढली. परत आले तेव्हा पोतं रिकामं होतं.

"हाय तितं," ते म्हणाले. "गोदामाच्या भिंतीवर बसलाय. म्या हाक मारली, बघितलं त्यानं, पण वळखलं न्हाई. तितली हद्द आखून झाली त्याची. आता तो तितला."

शालन खाली बसली. बसायला जागा होती म्हणून बसली. एका बोक्याला जे ठाऊक होतं ते आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं. ती लहानाची मोठी झाली ती डाग काढायलाच. हळदीचा डाग उन्हात ठेवून, तेलाचा पीठ चोळून, रक्ताचा थंड पाण्यानं. घर म्हणजे जिथं काही लागलेलं नाही ती जागा, एवढंच तिला सांगितलं होतं. घराला आपलं काहीतरी लागलेलं असावं लागतं, नाहीतर त्याला थांबायचं कुठं हे कळत नाही, हे कुणी म्हणालं नव्हतं. तिला रडू आलं. मग तिनं डोळे पुसले, कारण हातावर हात ठेवून बसणारी ती बाई नव्हती.

"ओलं असताना ताणलं तर आटलेलं थोडं माघारी येतंय," ती म्हणाली.

"येतंय," अण्णा म्हणाले. "पण लांबीत ताणलंस तर पन्हा जाणार."

"जाऊ दे पन्हा. खाट लांबीत लावू."

तिनं भिंती भिजवल्या. अण्णांनी बाहेरून खिडकीचे गज धरले आणि पाय भिंतीला लावून मागं ओढलं; आतून शालननं समोरच्या भिंतीला पाठ लावून रेटलं. भिंत आली. खोली लांब होत गेली, अण्णा खिडकी धरून अंगणातून मागं मागं जात कुंपणाला टेकले, आणि आत उभी असलेली शालन त्यांना आता नखाएवढी दिसायला लागली. "बास!" ती ओरडली, आणि तिचा आवाज पोचायला वेळ लागला. खाट मांडली तर मांडली गेली. पण खाटेच्या बाजूनं जायला पाव पाऊलसुद्धा उरलं नव्हतं. ह्या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या बाळंतिणीला पेज द्यायची तर खाटेवरूनच रांगत जावं लागलं असतं.

आणि ताणलेल्या कापडाचं जे होतं तेच भिंतीचं झालं. ती विरविरीत झाली. तिच्यातून पाटणेबाईंचा हॉल दिसायला लागला, फिरवलेला सोफा, चालू टीव्ही. पाटणेबाईंनी हात हलवला. शालननंही हलवला.

"वहिनी, पाळणा हवं तर हिकडं ठेवा," पाटणेबाई भिंतीतून म्हणाल्या. "आमच्याकडं मोप जागा हाय."

पाळणा तिकडं गेला. शालननं तो स्वतःच्या हातांनी नेऊन ठेवला आणि परत आली तोवर खोलीची लांबीही आवळायला लागली होती. खाट एका बाजूनं उचलली जाऊ लागली, तेव्हा अण्णांनी ती दारातून ओढून अंगणात घेतली. मग शेगडी. मग डिंकाचा डबा. घर आता शालनच्या खांद्यांना लागत होतं, नव्या पोलक्यासारखं, आणि ती मधे उभी राहून दाराकडं बघत होती. तिला भीती फक्त एकाच गोष्टीची होती. दार लेकीच्या पोटाला पुरेल का?

मगदुमांची गाडी सकाळी आली. सुलोचनाबाई पुढं उतरल्या, त्यांनी पिशव्या अंगणातल्या खाटेवर ठेवल्या. त्रिशला मागून उतरली, एक हात कमरेवर, चेहरा सुजलेला, पण हसत होती. लहानपणी शाळेतून आल्यावर जशी दारातूनच हसायची तशी.

शालनला बाहेर येता आलं नाही. तिनं दारातून हात काढून लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं. तुकडा टाकायला तिच्या मागं जागा नव्हती, म्हणून तो अण्णांनी घेऊन लांब टाकला.

"ये," शालन म्हणाली. "वाकून ये. आधी खांदा घाल. बाहीत हात घालतीस तसा."

त्रिशला आली. आधी खांदा, मग डोकं, मग पोट, हळूहळू, श्वास सोडून. चौकटीनं तिला घेतलं. आता दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि पोट दोघींच्या मधे होतं. बाळानं लाथ मारली ती शालनला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, खाट कुठाय?"

"अंगणात."

"आणि पाळणा?"

"पाटणेकाकूंच्या हॉलात. तितं मोप जागा हाय."

त्रिशलानं बाजूला बघितलं. भिंतीपलीकडं तिचा पाळणा होता, आणि पाटणेबाई त्याला हलकेच झोका देऊन बघत होत्या.

"मग मी कुठं?"

"हितं. माझ्याजवळ."

"आणि बाळ झाल्यावर?"

 तिनं लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले. एवढं करायला हात वर येत होता.

"वास मात्र गेला गं," त्रिशला म्हणाली. तिनं आईच्या मानेशी नाक नेलं आणि तसंच ठेवलं. "कसलाच येत न्हाई. तुझासुद्धा."

"धुतलं सगळं, बाळा."

"हा कसला आवाज?"

"घराचा."

दोघी ऐकत राहिल्या. दोरा ओढला जात होता. भिंत शालनच्या पाठीला लागली, मग त्रिशलाच्या. दोघींच्या मधलं पोट आता दोघींचंही होतं, असं म्हटलं तरी चाललं असतं. त्रिशलानं आईचे दोन्ही दंड धरले. तिचा चेहरा बदलला.

"आई," ती म्हणाली. "आई गं."

"ओ," शालन म्हणाली. जन्मभर जपून ठेवलेली ती ओ.

त्रिशलाच्या पायांमधून पाणी आलं. ते कोमट होतं, शालनच्या पावलांवरून गेलं. आधी फटीफटीतून, मग फटी भरल्यावर फरशीवरून ते सगळीकडं पसरलं, आणि ज्या भिंतीला लागलं ती भिंत थांबली. शालननं पाठीनं ते ओळखलं. मग दुसरी थांबली. दोरा ओढल्याचा आवाज बंद झाला. घरात एक वास आला, ओल्या मातीचाही नाही आणि दुधाचाही नाही, आणि शालनला तो वास ओळखीचा होता, त्रिशला झाली त्या दिवशीचा.

"पाणी गेलं व्हय?" बाहेरून सुलोचनाबाईंचा घाबरलेला आवाज आला. "अण्णा, गाडी वळवा! विहीणबाई, तेवढं आधी पुसून घ्या. फरशीत मुरलं तर वास जायचा न्हाई."

कमरेला खोचलेलं फडकं सवयीनं शालनच्या हातात आलं होतं, आणि पाठीची भिंत अजून थांबलेलीच होती.